‘घ्यायचंच तर मोठं घ्या’ म्हणणाऱ्यांना

कॉम्प्युटरवर गेम खेळण्यासाठी ग्राफिक्स कार्ड घ्यायचं म्हटलं की सल्लागारांचा एक पक्ष लगेच उभा राहतो. त्यांचा जाहीरनामा एका ओळीचा : घ्यायचंच तर मोठं घ्या, पाच वर्षं बघायला नको. लॅमिंग्टन रोडच्या काउंटरवर हे ऐकू येतं, हॉस्टेलच्या खोलीत ऐकू येतं, आणि ज्यांनी पत्त्यांच्या सॉलिटेअरपलीकडे कधी काही खेळलेलं नाही असे मामाही भाच्याला हेच सांगतात. गेम कुठला, मॉनिटर कुठला, कॅबिनेटच्या आत आधीचं काय बसलंय, या चौकशा या पक्षाला चिकटपणाच्या वाटतात. पैसे आहेत ना, मग एवढा विचार कशाला? माझं म्हणणं असं की पैसे असले तरी एवढा विचार करावाच लागतो, आणि नसले तर दुप्पट. एखादं कार्ड एखाद्या गेमला चालेल की नाही, याचं उत्तर ‘मोठं’ या शब्दात मिळत नाही.

या पक्षाचा सगळा डोलारा एका गृहीतकावर उभा आहे : स्वस्त कार्डाला जे जमतं ते महाग कार्डाला जमणारच, वर आणखी काही जमणार. हे खोटं आहे. जीटीएक्स १०८० टीआय घ्या. मार्च २०१७मध्ये ते ६९९ डॉलरला बाजारात आलं. मेमरी ११ जीबी. घरी खेळणाऱ्यांसाठी त्या वेळी याहून दमदार फारसं काही नव्हतं. मग जुलै २०१९मध्ये ३९९ डॉलरचं, ८ जीबीचं आरटीएक्स २०६० सुपर आलं. तेव्हाच्या बहुतेक गेममध्ये दोघांना शेजारी ठेवलं तर १०८० टीआयच थोडं पुढे असायचं. डिसेंबर २०२४मध्ये ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ आला आणि त्याने किमान कार्ड म्हणून २०६० सुपरचं नाव लिहिलं. १०८० टीआयवर तो गेम हळू चालतो किंवा अडखळतो असं नाही, तो सुरूच होत नाही. त्यातला उजेड आणि सावल्या रे ट्रेसिंगने काढलेल्या आहेत, म्हणजे किरण कुठे आपटून कुठे जाईल याचा हिशेब दर क्षणी करून. त्या हिशेबाची वेगळी यंत्रणा चिपमध्येच कोरलेली असावी लागते. १०८० टीआयच्या चिपमध्ये ती नाही, आणि अकरा जीबी मेमरी तिची जागा घेऊ शकत नाही. पुढे मे २०२५मध्ये आलेल्या ‘डूम : द डार्क एजेस’नेही हीच अट घातली.

‘अॅलन वेक २’ची गोष्ट याच वळणाची, पण जरा सौम्य. ऑक्टोबर २०२३मध्ये आलेला हा गेम मेश शेडर नावाच्या सोयीवर बेतलेला होता. ती सोय एनव्हिडियाच्या जीटीएक्स १० मालिकेत नाही, तशी एएमडीच्या आरएक्स ५००० मालिकेतही नाही. गेम उघडायचा, पण कालपर्यंत मिरवणाऱ्या कार्डांची दमछाक व्हायची. काही महिन्यांनी गेमच्या कंपनीने दुरुस्ती दिली आणि जुन्या कार्डांना बरे दिवस आले. म्हणजे एकाच कार्डाचं एकाच गेमशी जमणं-न जमणं अर्ध्या वर्षात बदललं, कार्डाला कोणी हातही न लावता.

यावर ‘मोठं घ्या’वाले म्हणतील, जुनं कार्ड नव्या गेमला पुरत नाही यात नवल काय? आम्ही नवं आणि मोठं घ्यायला सांगतो. ठीक आहे, उलट बाजूने बघू. २०२५च्या जानेवारीत आरटीएक्स ५०९० आलं, १९९९ डॉलरचं. या मालिकेतून ३२ बिट फिजएक्सची सोय काढून टाकलेली होती. २००८चा ‘मिरर्स एज’, २०१२चा ‘बॉर्डरलँड्स २’ अशा गेममधली फडफडणारी कापडं, उडणारा कचरा, फुटणाऱ्या काचा या सोयीवर चालायच्या. ती सेटिंग चालू ठेवली की सगळा भार प्रोसेसरवर यायचा आणि जगातलं सगळ्यात महाग गेमिंग कार्ड तेरा-सोळा वर्षांपूर्वीच्या गेममध्ये धापा टाकायचं. ओरड झाली, मग काही निवडक जुन्या गेमपुरती सोय परत आली. जुन्या गेमवर जीव असणाऱ्या माणसासाठी त्या काळात एखादं सेकंडहँड जुनं कार्डच सरस होतं. हे ‘मोठं’ या मापात कुठे बसवायचं?

आता दुकानात हे ‘मोठं’ मोजतात कसं ते बघा. बहुतेक वेळा जीबीत. ‘चार जीबीचं आहे साहेब, मुलगा खूश होईल.’ जीटी ७३० नावाचं कार्ड वर्षानुवर्षं चार जीबीचा शिक्का मारून विकलं गेलं. त्याची मेमरी संथ डीडीआर३ जातीची, चिप त्याहून अशक्त. चार जीबी भरायचं काम आलं तर चिप आधीच मान टाकते. जीटी १०३०चा प्रकार आणखी पुढचा. २०१७मध्ये ते जीडीडीआर५ मेमरी घेऊन आलं आणि पुढच्या वर्षी त्याच नावाने डीडीआर४ मेमरीचं निघालं. दोन्ही दोन जीबीची. पण पहिल्यात मेमरीचा वेग सेकंदाला ४८ जीबी, दुसऱ्यात १७च्याही आत. खोक्यावरचं नाव तेच, आकडा तोच, आणि गेममध्ये फरक इतका की दुसऱ्याला वेगळं नाव द्यायला हवं होतं.

नाव मोठं लक्षण खोटं, हा प्रकार स्वस्तातल्या कार्डांपुरताच नाही. जीटीएक्स १०६० तीन जीबीचं आणि सहा जीबीचं अशी दोन मिळायची. लोक समजायचे की फरक फक्त मेमरीचा आहे. पण तीनवाल्यात गणित करणारे कोअरही कमी होते, १२८०च्या जागी ११५२. आरटीएक्स ३०५० जानेवारी २०२२मध्ये ८ जीबीचं आलं, फेब्रुवारी २०२४मध्ये त्याच नावाचं ६ जीबीचं आलं, तेही कमी कोअरचं. आरएक्स ५८०च्या मागे बारीक अक्षरात ‘२०४८एसपी’ लिहिलेलं कार्ड म्हणजे थोडक्यात आरएक्स ५७०. लॅपटॉपमध्ये तर विचारूच नका. आरटीएक्स ४०७० हे नाव डेस्कटॉपवर १२ जीबीला आहे आणि लॅपटॉपवर ८ जीबीला, आणि तिथेही लॅपटॉपच्या कंपनीने त्याला किती वॅट खाऊ द्यायचे ठरवलंय त्यावर निकाल फिरतो.

मेमरीला अजिबात महत्त्व नाही असं मी म्हणत नाही. मार्च २०२३मध्ये ‘द लास्ट ऑफ अस पार्ट १’ पीसीवर आला, तेव्हा चांगल्या ताकदीच्या पण ८ जीबी मेमरीच्या कार्डांवर भिंतींची चित्रं चिखलासारखी दिसायची आणि खेळ मधेच अटकायचा. पुढच्या दुरुस्त्यांनी ते पुष्कळ सुधारलं. पण ८ जीबीचं दुखणं तेव्हापासून खरं आहे, आणि आज नवे, भारी गेम खेळण्यासाठीच कोणी कार्ड घेत असेल तर बारा-सोळा जीबीकडे बघावं, हे विरोधी पक्षाचं म्हणणं मला मान्य आहे. मात्र मेमरी हा उंबरठा आहे. गेमला नऊ जीबी लागतात आणि तुमच्याकडे आठ आहेत तर घात. लागतात पाच आणि आहेत सोळा, तर उरलेले अकरा एकही फ्रेम वाढवत नाहीत. आरटीएक्स ४०६० टीआय ८ आणि १६ अशा दोन्ही मेमरीत मिळालं, चिप एकच. जे गेम आठात बसतात तिथे दोन्हींचा वेग जवळपास सारखा, आणि १६च्या कार्डाला सुरुवातीला शंभर डॉलर जास्त. ते शंभर डॉलर वाया गेले की कारणी लागले, हे गेमचं नाव कळल्याशिवाय कोण सांगणार?

इथे समोरून सगळ्यात वजनदार मुद्दा येतो, आणि तो टाळून चालणार नाही. ते म्हणतात, गेमचं नाव धरून निवडायचं म्हणजे गेमवाल्यांनी छापलेला ‘किमान’ आणि ‘शिफारस’ हा तक्ता धरूनच ना? तो तक्ताच फसवा असतो. मग मोठं घेतलेलं काय वाईट?

तक्ते फसवतात, हे खरं आहे. फेब्रुवारी २०२५च्या ‘मॉन्स्टर हंटर वाइल्ड्स’ने शिफारशीच्या रकान्यात १०८०पी आणि साठ फ्रेम लिहिल्या, आणि पुढे जोडलं : फ्रेम जनरेशन चालू ठेवून. म्हणजे त्या साठांतल्या निम्म्याच्या आसपास फ्रेम गेमने काढलेल्या नाहीत, दोन खऱ्या फ्रेमच्या मधे अंदाजाने भरलेल्या आहेत. डोळ्याला गुळगुळीत दिसतं, पण बटण दाबल्यावर हाताला मिळणारा प्रतिसाद मुळातल्या तीस-एक फ्रेमचाच. किमान रकान्यात तर चित्र ७२०पीवर काढून १०८०पीपर्यंत ताणलेलं, तेही तीस फ्रेमला. ज्याने फक्त कार्डाचं नाव वाचलं तो फसणारच. पण ज्याने ओळ शेवटपर्यंत वाचली त्याला कंपनीने स्वतःच्या तोंडाने कबुली दिलेली आहे. ‘सायबरपंक २०७७’च्या २०२३मध्ये सुधारलेल्या तक्त्यात प्रत्येक रकान्याला किती रिझोल्यूशन, किती फ्रेम, कुठली सेटिंग हे स्पष्ट आहे, आणि किमान रकान्यातसुद्धा एसएसडी मागितलेली आहे. हार्ड डिस्कवर गेम टाकून ‘कार्ड कमी पडतंय’ म्हणणाऱ्यांनी ती ओळ दोनदा वाचावी.

तक्ता नीट वाचला की तो उलट्या दिशेनेही उपयोगी पडतो. ‘व्हॅलोरंट’ घ्या. आपल्याकडे कॉलेजची निम्मी पोरं ज्यासाठी कार्ड मागतात त्यातला हा एक. त्याची किमान अट आहे इंटेल एचडी ४०००, म्हणजे प्रोसेसरमधलं आयतं, २०१२चं ग्राफिक्स. १४४ फ्रेमच्या वरच्या रकान्यात नाव आहे जीटीएक्स १०५० टीआयचं, २०१६च्या कार्डाचं. आणि विंडोज ११वर तो सुरू व्हायला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट लागतं, जे जगातलं कुठलंही कार्ड पुरवत नाही. या मुलाला साठ हजारांचं कार्ड घ्यायला सांगणारा माणूस त्याच्या बापाचा हितचिंतक नव्हे. त्याच्या टेबलावर साठ हर्ट्झचा मॉनिटर असेल तर सेकंदाला साठ चित्रांपलीकडे तो दाखवणारही नाही. स्पर्धेत उतरणारे म्हणतील की पडद्यावर दिसल्या नाहीत तरी जादा फ्रेमनी प्रतिसाद लवकर मिळतो. मिळतो. पण मग पैसे आधी मॉनिटरवर घालायला हवेत.

तक्त्यावर विश्वास नसेल तर त्याहून पक्की सोय आहे. आधी गेम घ्या, मग कार्ड. स्टीमवर घेतलेला गेम चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर पैसे परत मिळतात. ‘ब्लॅक मिथ : वुकाँग’ आणि ‘मॉन्स्टर हंटर वाइल्ड्स’ यांनी तर गेमच्या आधी फुकट चाचणी-प्रोग्राम दिले होते : उतरवा, चालवा, आकडा बघा. आहे त्या मशिनवर काय होतं ते बघूनच बाजारात जाता येतं. ही सोय असताना खोक्याचा आकार बघून खरेदी करायची याला मी धाडस म्हणायला तयार नाही.

आणि आहे ते मशिन म्हणजे काय, हा विषय तर ‘मोठं घ्या’ पक्षाने कधी उघडलेलाच नाही. अक्षरशः उघडलेला नाही, कारण कॅबिनेटची बाजूची पत्र्याची झडप काढायला दोन स्क्रू फिरवावे लागतात. आत एसएमपीएसवर, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्यावर, स्टिकर असतं. ठळक अक्षरात ४५० वॅट. त्याच्या खालचं कोष्टक वाचा. १२ व्होल्टच्या रकान्यात अँपिअरचा आकडा असतो आणि कार्ड आणि प्रोसेसर या दोघांचीही भूक मुख्यतः त्याच रकान्यातून भागते. तिथे १६ अँपिअर लिहिलं असेल तर गुणाकार करा : १९२ वॅट. बाकीचे वॅट ३.३ आणि ५ व्होल्टच्या रकान्यात मांडलेले असतात, ते कार्डाच्या कामाचे नाहीत. या डब्यावर तीनशे वॅट खाणारं आरटीएक्स ५०७० टीआय लावलं तर गेम रंगात आल्यावर मशिन बंद पडेल, आणि दुकानदार म्हणेल, ‘विंडोज मारून बघा.’

ऑफिसांनी काढून टाकलेले, नूतनीकरण करून विकलेले कॉम्प्युटर हल्ली गावोगावी मिळतात आणि पहिला पीसी म्हणून ते वाईटही नसतात. त्यांच्या एसएमपीएसला बहुतेकदा कार्डासाठीची जादा वायरच नसते. तिथे फक्त स्लॉटमधून मिळणाऱ्या ७५ वॅटवर भागवणारं कार्ड लागतं, आणि कॅबिनेट अरुंद असेल तर अर्ध्या उंचीचं. मघाशी ज्याला नावं ठेवली ते सहा जीबीचं आरटीएक्स ३०५० इथे नेमकं बसतं : सत्तर वॅट, बहुतेक मॉडेलांना वायर नको. नावात खोट असली तरी जागेवर कार्ड बरोबर आहे.

स्लॉटचीही एक खोच आहे. एएमडीचं आरएक्स ६५०० एक्सटी जानेवारी २०२२मध्ये आलं. त्याला मदरबोर्डाशी बोलायला नेहमीच्या सोळा किंवा आठ लेन नाहीत, चारच आहेत. नव्या चौथ्या पिढीच्या स्लॉटवर ते निभावतं. आपल्याकडच्या असंख्य जुन्या बोर्डांवर तिसऱ्या पिढीचा स्लॉट आहे. तिथे प्रत्येक लेनचा वेग निम्मा होतो आणि चार जीबी मेमरी भरली की कार्ड गुदमरतं. म्हणजे जुन्या मशिनला जीवदान म्हणून घेतलं जाणारं स्वस्त कार्ड नेमकं जुन्या मशिनवरच मार खातं. इंटेलच्या डिसेंबर २०२४च्या आर्क बी५८०चंही तसंच. कार्ड किमतीच्या मानाने उत्तम, १२ जीबी मेमरी, पण त्याला रिसायझेबल बार नावाची बायोसमधली सोय हवी आणि बरा प्रोसेसर हवा. जुन्या प्रोसेसरबरोबर जोडल्यावर त्याची कामगिरी किती घसरते हे थोड्याच आठवड्यांत चाचण्यांनी दाखवलं.

प्रोसेसरवरून एक साधी परीक्षा सांगतो. गेम चालू करा, १०८०पीवर फ्रेमचा आकडा बघा. मग सेटिंग न बदलता रिझोल्यूशन ७२०पीवर आणा. कार्डाचं काम निम्म्याहून कमी झालं. आकडा उडी मारून वर गेला तर कार्ड कमी पडत होतं, नवं घ्या. आकडा जिथल्या तिथे राहिला तर घोडं प्रोसेसरपाशी पेंड खातंय. अशा वेळी आणलेलं कितीही मोठं कार्ड निवांत बसून राहतं आणि तुम्ही त्याच्या तीन पंख्यांचा उजेड बघत बसता. (त्याही आधी मॉनिटरची वायर कार्डालाच लावली आहे ना, मदरबोर्डाला नाही ना, हे मागे वाकून बघा. हसू नका.)

राहिला पाच वर्षांचा हिशेब. २०१८च्या सप्टेंबरमध्ये आरटीएक्स २०८० टीआय आलं. एनव्हिडियाने स्वतः विकलेल्या मॉडेलची किंमत ११९९ डॉलर. दोन वर्षांनी ४९९ डॉलरचं आरटीएक्स ३०७० त्याच्या तोडीला आलं. खरं सांगायचं तर त्यानंतर क्रिप्टो मायनिंग आणि चिपची टंचाई यांनी २०२२पर्यंत बाजार असा नासवला की ४९९ हा आकडा कागदावरच राहिला, आणि आधीच मोठं घेऊन बसलेले शहाणे ठरले. पण तो तेजीत सापडलेल्या साठेबाजाचा शहाणपणा होता. कार्ड टिकलं तरी त्याला सांभाळणारं सॉफ्टवेअर टिकेल असंही नाही. एनव्हिडियाने १० मालिकेसाठी नव्या गेमचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५नंतर थांबवले. आता तिला फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतील.

सध्या या पक्षाच्या हातात शेवटचा हुकमी पत्ता आहे : ‘जीटीए ६ येतोय, त्याच्यासाठी आत्ताच मोठं घेऊन ठेवा.’ रॉकस्टारने हा गेम जाहीर केलाय तो प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स व एस यांच्यासाठी. पीसीचा तक्ता सोडा, जाहीर केलेल्या यादीत पीसीच नाही. ‘जीटीए ५’ सप्टेंबर २०१३मध्ये कन्सोलवर आला होता, पीसीवर यायला एप्रिल २०१५ उजाडला. त्या गेमसाठी २०१३मध्येच ६४९ डॉलरचं जीटीएक्स ७८० घेऊन ठेवणाऱ्याच्या डोळ्यांदेखत सप्टेंबर २०१४मध्ये ३२९ डॉलरचं जीटीएक्स ९७० त्याच्या पुढे निघून गेलं. आणि अखेर पीसीचा तक्ता छापून आला तेव्हा किमान रकान्यात होतं २००८चं ९८०० जीटी, शिफारशीच्या रकान्यात २०१२चं जीटीएक्स ६६०.